मेलेल्या हमालाची हजेरी

मायाप्पा बंडगर सकाळी मेला आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत पोती वाहत राहिला.

मेला तो थप्पी कोसळून. कृष्णाकाठच्या त्या हळदीच्या पेठेत पोती छताला टेकेपर्यंत रचायची जुनी खोड होती. वरच्या थरातलं एक पोतं सरकलं आणि थेट त्याच्या डोक्यावर आलं. अंगावर सांगाडा होता. कंपनीच्या कागदांत त्याचं नाव 'मेरुबल', पण पेठेत सगळे सांगाडाच म्हणत: पाठीला पोलादी कणा, हातापायांना पट्टे आणि मोटरी, पंजात जाड मोजे, छातीवर बटणाएवढा डोळा. सगळं होतं, फक्त डोक्याला काही नव्हतं. माथाडी या शब्दात माथा असतो, हे कंपनीला कुणी सांगितलं नसावं.

तर मान मोडून मायाप्पा खाली पडला आणि सांगाडा उठला. आत मायाप्पा होताच. सांगाड्यानं पुढचं पोतं पाठीवर घेतलं, फळीवरून ट्रकमध्ये नेऊन टाकलं आणि परत आला. मान छातीवर लोंबत होती, पण टोळीला वाटलं काल जास्त झाली असेल. हळदीवर सांडलेलं रक्त आधी कुंकूच वाटतं. मुकादम तातोबा खोतानं त्याला माल खराब केल्याबद्दल आईवरून शिवी घातली. मायाप्पानं ती मुकाट ऐकून घेतली. असं आजवर कधीच घडलं नव्हतं, आणि त्यावरूनच तातोबाला संशय आला.

त्याला थांबवायला सहा जण लागले. दोघांचे दात पडले. सांगाडा बंद करून मायाप्पाला बाहेर ओढलं तेव्हा पोलीस पंचनामा लिहायला बसले आणि मृत्यूची वेळ या रकान्यापाशी अडले.

आता हे कसं झालं ते सांगायला हवं. आठवडी बाजारात खाटकाकडं उभं राहिलेल्या कुणालाही ते कळेल. कोंबडीची मान उडवली की ती पळते. पळायला डोकं लागत नाही, कणा लागतो. माणसाचंही बरंचसं तसंच आहे. मेंदू फक्त म्हणतो, चल. कुठला पाय आधी, गुडघा किती वाकवायचा, ओझं डावीकडं कललं तर कंबर कुठं न्यायची, हे सगळं मज्जारज्जूतली आणि मेंदूच्या तळातली जुनी, मुरलेली यंत्रणा आपलं आपण बघते. स्नायू हलायच्या आधी डोळ्याचं पातं लवायच्या आत त्यात विजेची एक बारीक लहर येते. सांगाड्याचे पट्टे ती लहर वाचत आणि माणूस हलायच्या आधीच मोटर हलवत. महिनाभर अंगावर घातला की सांगाड्यात त्या माणसाच्या कण्याची नक्कल उतरायची. मग माणसाकडून लहर येईनाशी झाली तरी तो थांबत नसे, सवयीनं पुढं चालू राही. हे कंपनीनं मुद्दाम केलं होतं. क्विंटलभर ओझ्याखाली यंत्र मध्येच थांबलं तर माणूस चिरडेल, म्हणून. सुरक्षेची सोय होती ती.

क्विंटलभर म्हटलं, तेही सांगतो. पोतं पन्नास किलोचंच असावं यासाठी हमालांच्या दोन पिढ्या भांडल्या, लाठ्या खाल्ल्या, तेव्हा कुठं शंभराचं पोतं गेलं. सांगाडे आले त्याच महिन्यात ते परत आलं. कुणी गाजावाजा केला नाही. जुना पाहुणा यावा तसं आलं आणि ओट्यावर बसलं.

कंपनीची सूचना होती की काम संपलं की सांगाडे पेठेतल्या शेडमध्ये टांगायचे. ती कुणी पाळली नाही. हमाल आपली हत्यारं पेठेत ठेवत नाही. एका जुन्या संपात अडत्यांनी हमालांचे हूक वखारीत कोंडून घेतले होते, आणि बाहेरून आणलेल्या माणसांच्या हातात तेच हूक दिले होते. त्या दिवसापासून ही रीत पडली: हूक आणि टॉवेल घरी न्यायचा, उशाला घेऊन झोपायचं. सांगाडा हेही हत्यारच. मग तोही घरी गेला. पट्टे सोडायचा कंटाळा, शिवाय वस्तीत रुबाब. माणसं सांगाड्यासकट चहा प्यायली, सांगाड्यासकट गुत्त्यावर गेली, सांगाड्यासकट घरात शिरली. आणि सांगाडा शिकत राहिला. काम कुठलं आणि बाकीचं कुठलं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मायाप्पाच्या बायकोला हे सगळ्यात आधी कळलं.

शालन त्याच पेठेत झाडायचं काम करायची. पोत्यातून सांडलेली हळकुंडं झाडून गोळा करायची, पाखडून अडत्याला परत द्यायची, आणि खाली उरलेला चुरा स्वतः न्यायची. हे काम गेली साठ-सत्तर वर्षं बायकाच करत आल्या होत्या आणि त्याला काम म्हणायची पद्धत नव्हती. झाडणाऱ्या बाईला बिल्ला नाही, टोळी नाही, दवाखाना नाही. अडत्या म्हणायचा, मी कुठं बोलावलंय, त्या आपल्या येतात.

मायाप्पाला माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीनं सांगाडा दुरुस्त करून रिकामाच उभा केला. बघू तर काय करतो, म्हणून. त्यानं दिवसभर पोती वाहिली. कंपनीचा इंजिनिअर निनाद सबनीस हरखून गेला. पण संध्याकाळी टोळी सुटली तशी सांगाड्यानं खुंटीवरची जेवणाच्या डब्याची पिशवी घेतली, कुणाची होती कोण जाणे, आणि वस्तीच्या दिशेनं चालू लागला. निनाद मागून पळत होता आणि मोबाइलवर बटणं दाबत होता.

शालन दारातच होती. गल्लीतून मायाप्पाची चाल येताना दिसली. डावा खांदा जरा पुढं, पाय फेंगडे. वर डोकं नव्हतं, इतकाच फरक. ती इतकी घाबरली की घाबरल्यावर जे करायची तेच तिनं केलं. वाटेतून बाजूला न होता पिशवीसाठी हात पुढं केला. सांगाड्यानं पिशवी सावकाश खाली ठेवली. मायाप्पाची ही शिस्तच होती. हातात काही असताना त्यानं कधी बायकोला मारलं नाही. आधी वस्तू खाली ठेवायची, मग उलटा हात. तो उलटा हात आला आणि शालन चुलीवर जाऊन पडली. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी भाजली. निनादला बटण सापडलं तोवर खालच्या दोन बरगड्यांतही लाथ बसली होती.

निनाद चांगल्या घरचा मुलगा होता. त्यानं तिला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं आणि वाटेत समजावून सांगितलं की घाबरू नका ताई, आत माणूस नसताना सांगाडा नवीन काही शिकत नाही. तो करतो ते सगळं आधी शिकलेलंच असतं. शालननं भाजलेला हात पदराखाली घेतला आणि म्हणाली, ते मला ठाऊक हाय.

दुसऱ्या दिवसापासून टोळी सुटली की सांगाड्याला साखळीनं खांबाला बांधू लागले.

आता प्रश्न जागेचा. हमालाची टोळीतली जागा म्हणजे नुसती मजुरी नव्हे. बिल्ला, दवाखाना, सुट्टी, म्हातारपणीचे दोन घास, सगळं त्या जागेला लागून असतं. आणि हमाल मेला किंवा थकला की जागा घरातल्या माणसाला जाते. शालननं माथाडी मंडळाच्या कचेरीत अर्ज दिला की जागा मला द्या. कारकुनानं यंत्रावर बघितलं आणि सांगितलं की मायाप्पा बंडगर यांची हजेरी चालू आहे. शालननं मरणाचा दाखला दाखवला. कारकून म्हणाला, दाखला बरोबर आहे, पण हजेरीही बरोबर आहे. बिल्ला सांगाड्याच्या छातीवर आहे, काम पुरं होतंय, एक खाडा नाही. सदस्य काम सोडेपर्यंत जागा रिकामी धरता येत नाही. उलट असंच चाललं तर वर्षअखेरीला त्यांचा सत्कार होईल, असंही तो म्हणाला. थट्टा करत नव्हता. त्याला थट्टा करता येत नव्हती.

सांगाड्याच्या नावची मजुरी कंपनी आणि तातोबा मुकादम यांच्यामध्ये कुठंतरी मुरत होती. तातोबानं मात्र आवाज अगदी मऊ ठेवला. वैनी, म्हणाला, मायाप्पा गेला असं मला तर वाटतच न्हाई.

तसं आणखी एका माणसाला वाटत नव्हतं, ती म्हणजे मायाप्पाची आई. कोंडाबाई रोज दुपारी भाकरी बांधून पेठेत जायची आणि सांगाड्याजवळ बसायची. टोळी जेवायला बसली की तोही उकिडवा बसायचा आणि डाव्या तळव्यावर उजवा अंगठा घासत राहायचा. तंबाखू नाही, चुना नाही, नुसता अंगठा. कोंडाबाई त्याच्याकडं बघत भाकरी कुस्करायची आणि चिमण्यांना घालायची. शालनचा हात भाजला त्या रात्री ती म्हणाली होती, यंत्रच ते, झटका आला आसंल. मायाप्पा जिवंत असतानाही ती हेच म्हणायची, फक्त यंत्रच ते एवढं सोडून.

शालन शेवटी हिंदुराव आबांकडं गेली. आबा संघटनेचे जुने माणूस. तरुणपणी शंभराच्या पोत्यांनी मान जी वाकली ती कायमची, त्यामुळं ते कुणाशीही बोलले तरी त्याच्या पायाशी बोलल्यासारखे दिसत. त्यांनी पहिल्यांदा तिला इतिहास सांगितला. ते पहिल्यांदा सगळ्यांनाच इतिहास सांगत. एकोणसत्तरच्या कायद्याआधी हमाल कुणाचाच नव्हता. पोत्याखाली हात तुटला तर व्यापारी म्हणे, तो अडत्याचा माणूस. अडत्या म्हणे, ट्रकवाल्याचा. ट्रकवाला म्हणे, देवाचा. कायद्यानं सांगितलं की कुणाचाच नसेल तर मंडळाचा धरा, आणि तिथून हमाल माणसात आला. आबा म्हणाले, आता बघ पोरी, माणूस नसलेला हमाल झालाय, आणि झाडणारी माणूस असून कुणाचीच न्हाई.

शालननं विचारलं, जागा कायद्यानं रिकामी होत नसेल तर दुसऱ्या कशानं होते?

आबांनी तिच्या चपलांकडं बघितलं. मग सांगितलं. टोळीची एक रीत आहे, मंडळापेक्षा जुनी. चालू कामात ज्याच्या पाठीवरचं पोतं जमिनीला लागलं, त्याची पाठ संपली. त्यानं तिथंच बिल्ला काढायचा. आणि ते पडलेलं पोतं टोळीदेखत उचलून जो थप्पीला लावेल, जागा त्याची. या रीतीला मंडळ आजवर आडवं आलेलं नाही. पण सांगाड्याच्या पाठीवरून पोतं पडत नाही, म्हणून तर तो आणलाय.

शालन म्हणाली, त्येच्या हातातनं कसं सुटतं ते मला म्हाईत हाय.

आबांना कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्यांनी मान वर करायचा प्रयत्न केला. ती झाली नाही.

घरी ही गोष्ट कोंडाबाईच्या कानावर गेली आणि दोघींचं भांडण जुंपलं. कोंडाबाई म्हणाली की नवऱ्याला एकदा माती दिलीस, तेवढ्यानं भागलं नाही. चालतंय, बसतंय, माझ्या लेकराची चाल हाय त्यात, आणि तू त्याला मोडायला निघालीस. शालननं विचारलं, चाल ऱ्हाऊ दे, हात कुणाचा हाय त्यात? कोंडाबाईनं वरच्या फळीवरचा डबा काढायला उजवा हात लावला. डावा खांद्याच्या वर जात नसे. विहिरीच्या पायरीवरून पडले होते, एवढंच ती सांगायची. मग डबा आपटून म्हणाली, मी सासू हाय तुझी, मी बी नांदले, मी कुणाची जागा मागितली न्हाई.

त्याच आठवड्यात भर बाजाराच्या दिवशी, सौदे चालू असताना, शालन झाडू बाजूला ठेवून ट्रकच्या फळीसमोर जाऊन उभी राहिली.

रांगेत पुढं दोन माणसं होती, तिसरा सांगाडा. माणसं तिला वळसा घालून गेली. त्यातल्या एकानं विचारलं, वैनी, बस थांबती व्हय हितं? सांगाडा आला. पाठीवर शंभराचं पोतं, डावा खांदा पुढं. दुरून तातोबा ओरडला की बाजूला सरा, ट्रक थांबलाय. शालननं पदर खांद्यावर ओढून घेतला, घराच्या दारात उभी राहायची तशी उभी राहिली, आणि पिशवीसाठी करायची तसा हात पुढं केला.

सांगाडा थांबला. छातीवरचा डोळा तिच्या तळव्यावर स्थिर झाला. मोटरींचा आवाज बदलला. मग त्यानं गुडघे वाकवले, पाठ तिरकी केली आणि पोतं अलगद, अगदी नीट, जमिनीवर ठेवलं.

टोळी बघत होती. पोतं जमिनीला लागलं, हे सगळ्यांनी बघितलं.

मग उलटा हात आला.

शालननं तोंड वळवायचं ठरवलं होतं, तरी जबड्याचं हाड मोडल्याचा आवाज ट्रकच्या क्लीनरला केबिनमध्ये ऐकू गेला. ती पोत्यांच्या कडेवर आपटली. सांगाडा तिच्यामागं गेला. घाई नाही, राग नाही. पोती वाहायची तसा. लाथ, मग केसाला धरून उभं करणं, मग भिंत. त्यांच्या घरातली भिंत जिथं असायला हवी होती तिथं पेठेत हवाच होती, म्हणून त्यानं तिचं डोकं हवेवर आपटलं, आणि काही लागलं नाही म्हणून पुन्हा आपटलं. दोनतीन हमाल धावले. एकाला त्यानं नुसत्या कोपरानं बाजूला केलं, तर त्याचा गुडघा उलटा वळला. निनाद मोबाइल घेऊन पळत येत होता, पण साप्ताहिक बाजाराच्या गर्दीत सिग्नल येत नव्हता.

तेवढ्यात कोंडाबाई मध्ये आली. भाकरीचं फडकं तिच्या हातात तसंच होतं. ती दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, मायाप्पा, सोड तिला. मी हाय बघ.

सांगाड्यानं शालनचे केस सोडले.

एका अडत्यानं हात जोडले, आई ती आईच, असं काहीतरी पुटपुटत. सांगाड्याचा डोळा खाली वळला. कोंडाबाई बुटकी होती. त्यानं गुडघा किंचित वाकवला, कोपर आत घेतलं, हात जेवढा उचलायला हवा तेवढाच उचलला, आणि तिच्या डाव्या खांद्यावर, नेमक्या त्या एका जागी, मूठ हाणली. अंदाज घ्यावा लागला नाही. माप आधीच घेतलेलं होतं.

नवीन काही शिकत नाही तो. हे निनाद सगळ्यांना सांगत फिरला होता, वस्तीत, पेठेत, मंडळात.

कोंडाबाई पडली, उठली. खांदा खाली लोंबत होता. तिनं टोळीकडं एकदा बघितलं. ज्यांना ती इतकी वर्षं विहिरीची पायरी सांगत आली ते सगळे तिथं होते, आणि कुणालाच कुठं बघावं ते कळत नव्हतं. शालन जमिनीवरून तिच्याकडं बघत होती.

कोंडाबाईनं तातोबाच्या कमरेचा हूक उपसला. तातोबाला वाटलं, आपल्यालाच मारते, आणि तो जोरात पळाला. ती सांगाड्याच्या मागं गेली आणि कण्याच्या बुडाशी, जिथं बॅटरीची पेटी होती तिथं, हूक घातला. उजव्या हातानं. मग ओढला. ठिणग्या उडाल्या, तिचं लुगडं जळालं. सांगाडा वळला, ती त्याच्याबरोबर हुकाला लोंबकळत फिरली. पुन्हा घातला. एक पाय मोडला, तरी तो उरलेल्या पायावर कोंबडीसारखा गोल फिरत राहिला आणि वाटेत आलेल्या तराजूवर, पोत्यांवर, एका स्कूटरवर उलटा हात चालवत राहिला. कोंडाबाई घाव घालत होती आणि प्रत्येक घावाला काहीतरी बोलत होती. शब्द जवळच्यांनाच ऐकू गेले आणि त्यांनी ते नंतर कधी सांगितले नाहीत. शेवटी तो पडला. पडल्यावरही डाव्या तळव्यावर उजवा अंगठा घासत होता. तिनं तो अंगठाही तोडला.

मग तातोबा परत आला. मुकादम म्हणजे मुकादम. लांबूनच म्हणाला की झालं ते वाईट झालं, पण काम खोळंबलंय. रीत काढलीच हाय तर पुरी करा. पोतं पडलंय, कोण उचलतंय?

शालन उठली. जबडा एका बाजूला गेला होता, बोलता येत नव्हतं. ती पोत्यापाशी गेली आणि त्याच्या दोन कानांना हात घातला. पोतं जागचं हललं नाही. ते हलणारही नव्हतं. शंभर किलो होतं आणि तिच्या अंगावर सांगाडा नव्हता. तातोबानं मान हलवली, जणू त्यालाच वाईट वाटत होतं. कुणीतरी हसलं.

हिंदुराव आबा गर्दीतून पुढं आले. ते पोत्याकडंच बघत होते, दुसरीकडं त्यांना बघता येत नव्हतं.

"तातोबा," ते म्हणाले, "कायद्यानं पोतं किती किलोचं?"

"ते जुनं झालं, आबा."

"रद्द झालंय?"

तातोबानं इकडंतिकडं बघितलं. रद्द कुणी केलं नव्हतं. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"मग पन्नासाच्या वर जे हाय त्याला मी पोतं म्हणत न्हाई," आबा म्हणाले. "पोरी, ही दोन पोती हायत. एकात भरलीत कुणी तरी चुकून."

शालननं सासूच्या हातातला हूक घेतला आणि पोतं उभं फाडलं. हळकुंडं धो धो बाहेर आली. झाडणाऱ्या बायका रिकामं बारदान घेऊन धावल्या. सांडलेली हळद भरायची कशी, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. अर्धं पोतं त्यांनी तिच्या पाठीवर दिलं. बरगड्या मोडलेल्या होत्या. ती थप्पीपर्यंत चालत गेली, वाटेत तोंडातून रक्त गळत होतं, आणि पोतं लावून आली. मग दुसरं अर्धं. त्या खेपेला ती वाकडी चालत होती आणि एका जागी खूप वेळ थांबली. कुणी हात दिला नाही. हात दिला तर रीत मोडली असती, आणि टोळीला ते माहीत होतं. पोतं थप्पीला लागलं. ती तिथंच थप्पीला टेकून बसली आणि बेशुद्ध झाली.

बिल्ला सांगाड्याच्या छातीला वितळून चिकटला होता. तो चिमट्यानं काढावा लागला.

मंडळानं मायाप्पा बंडगरला त्या दिवशी मृत घोषित केलं. कामावर असताना मृत्यू, कारण: आईनं मारलं. पोलिसांनी कोंडाबाईवर गुन्हा नोंदवायचा की नाही यावर वकिलाचा सल्ला मागवला, तो अजून यायचाय. कारकुनानं सत्काराची शाल परत जमा करून घेतली.

जबडा सांधून शालन कामावर आली तेव्हा करार जुनाच होता: टोळीत राहायचं तर सांगाडा घालायचा. निनादनं नवा आणला, कोरा. पट्टे बसवताना तो तिच्याशी नजर भिडवत नव्हता. महिनाभर घालून वावरा ताई, म्हणाला, तो तुमचं तुमचं शिकेल. शालननं तो पेठेतच घातला आणि पेठेतच काढला. तरीही त्यानं शिकायचं ते शिकलंच. जवळ कुणी झटक्यात हात वर केला की सांगाडा आपोआप खाली बसायचा, डोकं छातीशी, कोपरं वर. स्नायूंतली लहर त्याला तिच्याआधी कळत होती. ट्रक मागं घ्यायला क्लीनरनं हात केला, की शालन पोत्यासकट खाली. कुणी हाक मारताना हात उंचावला, की खाली. एकदा पोतं जमिनीला लागता लागता राहिलं. तातोबा तेवढ्याचीच वाट बघत होता. तो आता दिवसभर हात हलवून बोलायचा.

निनाद म्हणाला, तेवढी सवय पुसता येईल. पण पुसली तर तोल सावरायच्या सवयीही जातील, दोन्ही एकमेकांत गुंतल्यात. शालन म्हणाली, माझं काय पुसू नगा. त्यांचं पुसा.

महिनाअखेरीला, टोळी सुटल्या सुटल्या, पेठेतल्याच हॉलमध्ये संघटनेची बैठक भरली. शालननं उभं राहून ठराव मांडला. आठ तासांचा झाला, पन्नास किलोचा झाला, तसा हाही एक करून घ्या: कामाच्या जागी कुणी कुणावर, किंवा कुणाजवळ, हात उगारायचा नाही. हात उगारला तर पोतं पडल्याचं धरायचं, पण उगारणाऱ्याचं. बराच वेळ कुजबुज झाली. एकानं विचारलं, मग ट्रकवाल्याला मागं कसा घ्यायचा. दुसऱ्यानं विचारलं, घरी पण का. त्यावर कुणी हसलं नाही. कोंडाबाई मागं भिंतीला टेकून बसली होती, खांदा पट्टीत. ती म्हणाली, घरी पण लिहा.

हिंदुराव आबांनी ठराव वाचून दाखवला आणि सवयीनं म्हणाले, ज्यांना मंजूर त्यांनी हात वर करा.

सगळ्यांचे हात एकदम वर गेले. तातोबाचाही, इतरांनी केला म्हणून. आणि शालन, अंगावरच्या सांगाड्यासकट, सतरंजीवर धाडकन खाली बसली. डोकं छातीशी, कोपरं वर.

हात वर ठेवावेत तर ती तशीच राहणार, खाली घ्यावेत तर ठराव पडणार. आबांना वर झालेले हात दिसतच नव्हते. त्यांना दिसत होती ती जमिनीवरची शालन.

"हात खाली घ्या," ते म्हणाले. "सावकाश. झटका देऊ नका. सगळे खाली आले की मी मंजूर धरतो."

माणसांनी हात खाली घ्यायला सुरुवात केली. उभ्या आयुष्यात त्यांनी कुठलीच गोष्ट इतकी सावकाश खाली ठेवली नसेल. शेवटचा हात मांडीवर टेकला, तेव्हा शालनच्या पाठीतल्या मोटरी घरघरल्या आणि तिचं एक कोपर खाली आलं.